राज्य गेले तरी राजा का राहतो?



स्मरणिकेसाठी लेख द्या असा निरोप आला, तेव्हा मी नागलीच्या पापडांची कृती लिहायला घेतली होती. मागच्या दोन्ही अंकांत माझ्या नावावर पाककृतीच आहेत, आणि सातवी शिकलेल्या बाईने इतिहासात हात घालू नये हे मलाही कळते. परंतु गेल्या वर्षी आपल्या मंडळात अध्यक्षपदावरून जे झाले, त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. वाचनालयातून पुस्तके आणली, मुलीने मोबाईलवर काही काढून दिले, काही आजीकडून ऐकलेले होतेच. त्या सगळ्याचे हे गाठोडे. चूकभूल पदरात घ्यावी.

झाले ते थोडक्यात सांगते, कारण शेजारपाजारच्या वाचकांना ते ठाऊक नसेल. आपल्या पहिल्या अध्यक्षा, ज्यांना आपण सगळ्या काकू म्हणत होतो, त्या गेल्या आणि जागा रिकामी झाली. सभा भरली तशी मीच पहिली उठले आणि म्हटले, "काकूंच्या सूनबाईंनाच अध्यक्ष करू या, यात विचारायचे काय?" टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या सतरंजीवरून एकीने विचारले, "का? गादी आहे का ती?"

मला राग आला. आमच्या ह्यांचा कारखाना बंद पडला, त्या दिवसांत काकूंनी मंडळाचे शिलाई मशीन स्वतः टेम्पोत घालून माझ्या ओट्यावर आणून ठेवले होते. ते मी कशी विसरणार? पण रात्री भाकऱ्या थापता थापता वाटले, की विचारणारीचे काय चुकले? मशीन काकूंनी आणून दिले, सूनबाईंनी नव्हे. त्या वेळी तर सूनबाई या घरात आल्याही नव्हत्या. मग माझ्या तोंडून त्यांचेच नाव इतके सहज का निघाले?

तेव्हा मला माझी आजी आठवली. आईची आई. ती जव्हार संस्थानातल्या एका खेड्यातली. आताच्या मुलांना जव्हार म्हणजे पालघर जिल्ह्यातले थंड हवेचे ठिकाण एवढेच ठाऊक. २०१४ सालापर्यंत तो तालुका आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता, आणि १९४८ साली विलीन होईपर्यंत तिथे राजा होता. राजाही कोणी परका नव्हे, महादेव कोळी समाजातले मुकणे घराणे. मूळ पुरुष जयबा मुकणे. त्यांनी म्हणे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, आणि मिळाल्यावर त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनी मोठा मुलूख वेढून घेतला. ही गोष्ट सरकारच्या जुन्या गॅझेटियरातही नोंदलेली आहे. १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने या घराण्याला राजा म्हणून मान्यता दिली असे सांगतात. म्हणजे सहाशे वर्षे एकच घराणे. सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराज जव्हारजवळ शिरपामाळावर थांबले होते, ही आठवणही तिकडची माणसे जपून आहेत.

आजी म्हणायची, "आमी राजा बगितलेला हाय." हे वाक्य ती अशा काही मानाने म्हणायची, की लहानपणी आम्ही तिला दहा वेळा विचारायचो, कसा होता राजा? एकदा ती खरे बोलून गेली. त्या दिवशी दसऱ्याला बापाच्या खांद्यावर बसून ती जव्हारला गेली होती. माणसांचा पूर. एक मोटार गेली, धूळ उडाली, सगळ्यांनी हात जोडले. आत कोण बसले होते ते तिला दिसलेच नाही. तरी आयुष्यभर तिने राजा पाहिलेला होता!

आणि हीच आजी आम्हाला वेठीच्या गोष्टी सांगायची. बापाला दुसऱ्याच्या शेतावर फुकट राबावे लागे, गवत कापावे लागे, बोलावणे आले की घरची पेरणी टाकून जावे लागे. हे सांगताना ती शिव्या कोणाला द्यायची? सावकाराला, कारभाऱ्याला, शिपायाला. राजाला कधीच नाही. एकदा आईने विचारले, "अगं, राजाच्या राज्यातच ना हे सगळे?" तर म्हणाली, "त्याला काय ठावं?" मला वाटते राजेपणाचे अर्धे मर्म या तीन शब्दांत आहे. घरात दूध नासले तर ओरडा सुनेला, आणि पुरणपोळी चांगली झाली तर "सासूबाईंची शिकवण" म्हणायचे, तसलाच हा प्रकार. कर गोळा करणारा दिसतो, दंड करणारा दिसतो, आणि राजा मात्र दसऱ्यालाच दिसतो.

असो. आजीवरून मी मागे गेले, आणि शोधता शोधता आपल्याच दारात येऊन पोचले. माझे माहेर मुरबाडकडचे, वैशाखऱ्याच्या बाजूचे. तिथून नाणेघाट चढतात. पायथा आपल्या मुरबाड तालुक्यात आणि माथा जुन्नर तालुक्यात. लहानपणी आम्ही गुरांमागे तिकडे जायचो, पण वरच्या लेण्यात काय लिहिले आहे ते कोणी सांगितले नव्हते. ते सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे लेख आहेत, ब्राह्मी लिपीत. सातवाहन घराण्याची राणी नागनिका हिने कोणकोणते यज्ञ केले आणि दक्षिणा काय दिली त्याचा हिशेब भिंतीवर कोरला आहे. हजारांनी गाई, घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापण म्हणजे त्या वेळची नाणी. अंक कसे लिहीत ते त्या लेखातून कळते, म्हणून अभ्यासक त्याला फार मान देतात. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती ओळीने कोरलेल्या होत्या आणि प्रत्येकाच्या डोक्यावर नाव होते. आज त्या मूर्ती गेल्या आहेत. पायांच्या खुणा आणि वरची नावे तेवढी उरली आहेत.

मी विचार केला, हा हिशेब राणीने आपल्या राजवाड्यात का नाही कोरला? डोंगरात, घाटाच्या तोंडाशी का? तर कल्याणच्या बंदरातून जुन्नरला जाणारा सगळा माल त्या वाटेने जात होता. व्यापारी, बैलवाले, भिक्षू, वाटसरू, सगळे तिथे दम घ्यायला थांबत. म्हणजे आज आपण एस. टी. स्थानकावर फलक लावतो तशी ती जागा. वाचता येणारा वाचील, न येणारा मूर्ती पाहील, आणि दोघेही घाट उतरताना म्हणतील, काय हे घराणे! पतीच्या पश्चात मुले लहान असताना तिने कारभार पाहिला असे अभ्यासक म्हणतात. तसे असेल, तर एकटी बाई, पदरी लहान मुले, आणि भोवती टपलेले सरदार, अशा वेळी घराण्याचे नाव रस्त्यावर कोरून ठेवण्याची गरज तिला का वाटली असेल, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना न सांगताही कळेल.

या लहान मुलांच्या गोष्टीने मला आणखी एका डोंगरावर नेले. तो तर आपल्या घरातून दिसतो. माहुली. आपण रोज आसनगाव स्टेशनला जाता-येता ते सुळके पाहतो. तीनशेपंच्याऐंशी वर्षांहून अधिक झाली, १६३६ साली तिथे एक राज्य संपले. १६३३ साली मोगलांनी दौलताबाद घेतले आणि निजामशाही बुडाली असे सगळ्यांना वाटले. पण शहाजीराजांनी निजामशाही वंशातले एक पोर, मूर्तजा, शोधून काढले आणि पेमगिरीच्या किल्ल्यावर त्याला गादीवर बसवले. पोर इतके लहान, की त्याला मांडीवर घेऊन शहाजीराजे सिंहासनावर बसले असे सांगतात. सैन्य शहाजींचे, अक्कल शहाजींची, मुलूख राखला शहाजींनी, पण नाव त्या पोराचे. तीन वर्षे हे चालले. शेवटी मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजा मागे लागल्या तेव्हा माहुलीचा आसरा घ्यावा लागला, आणि वेढा पडल्यावर ते मूल मोगलांच्या हवाली करावे लागले. त्याची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली. बिचाऱ्या पोराचा यात काय दोष? मला इतिहासातल्या मोठमोठ्या लढायांपेक्षा त्या मुलाचेच वाईट वाटते. माहुलीवरून खाली उतरताना तो कोणाच्या कडेवर असेल?

पण प्रश्न असा, की शहाजीराजांसारख्या पराक्रमी माणसाला त्या पोराची गरज का पडली? मला वाटते, फौजेतला प्रत्येक सरदार मनात म्हणणार, शहाजी राजा का, मी का नाही? त्या पोराबद्दल असे कोणी म्हणू शकत नव्हते. तो जन्मानेच तिथे होता, कोणाला हरवून नव्हे. ताराबाईंनीही १७०० साली, राजाराम महाराज गेल्यावर, आपल्या लहान मुलाला गादीवर बसवून औरंगजेबाशी सात वर्षे झुंज दिली. पाहा, मूल मांडीवर आणि राज्य हातात. आमच्या सभेतही तेच झाले होते. सूनबाईंचे नाव निघाले की बाकीच्या बारा जणींचे आपापसातले हेवेदावे आपोआप मिटतात. त्या टाळ्यांत आनंदाइतकाच सुटकेचाही भाग होता, हे मी आता कबूल करते.

इथपर्यंत मला सोपे वाटले. वंशात जन्मलेला म्हणून राजा, आणि लोक वंशाला मानतात. परंतु पुढे वाचले तर आमच्या महाराष्ट्रातले सगळ्यांत लाडके राजे वंशातले नाहीतच! कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज कागलच्या घाटगे घराण्यातले, १८८४ साली दत्तक आलेले. बडोद्याचे सयाजीराव नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे शेतकऱ्याचे पोर. १८७५ साली जमनाबाई महाराणींनी तीन मुले समोर बोलावली आणि कशाला आलात म्हणून विचारले. बाकीचे काहीबाही बोलले, आणि गोपाळ म्हणाला राज्य करायला आलो, अशी गोष्ट सांगतात. अक्षर ओळख नसलेले ते पोर. त्याने पुढे १९०६ साली साऱ्या राज्यात मुलामुलींचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि पेट्यांत पुस्तके भरून फिरती वाचनालये खेड्यांत पाठवली. मुलींना शिकवले नाही तर बापाला दंड! माझ्या बापाला असा दंड झाला असता तर हा लेख जरा बरा झाला असता, असे लिहिण्याचा मोह मला आवरत नाही.

शाहू महाराजांचे तर काय सांगावे. १९०२ साली जुलैच्या २६ तारखेला त्यांनी हुकूम काढला, की संस्थानातल्या नोकऱ्यांत शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांना. १९१७ साली सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण केले, आणि विधवाविवाहाला कायद्याने मान्यता दिली. प्रत्येक जातीच्या मुलांसाठी वसतिगृहे काढवली. राधानगरीचे धरण बांधायला घेतले. गंगाराम कांबळे नावाच्या अस्पृश्य माणसाने कोल्हापुरात चहाचे दुकान टाकले आणि गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून त्याच्या दुकानाचा चहा पीत. या एका चहाने जे झाले ते शंभर हुकुमांनी झाले नसते. १९२२ साली मे महिन्याच्या ६ तारखेला महाराज गेले. शंभर वर्षांनी, २०२२ साली त्याच दिवशी, सारे कोल्हापूर १०० सेकंद जागच्या जागी उभे राहिले. रिक्षा थांबल्या, बाजार थांबला. आमच्या नणंदेचे घर तिथे आहे, तीही दूध आणायला गेली होती ती पिशवी हातात धरून रस्त्यात उभी राहिली.

आता इथे एक गुंता आहे आणि तो मला पुरता सुटलेला नाही. १९६२ साली कोल्हापुरात दत्तकविधान झाले तेव्हा लोकांनी मोठा विरोध केला, रस्त्यावर आले. त्यांना नागपूरकरांकडचा मुलगा नको होता. म्हणजे दत्तक आलेल्या शाहू महाराजांना देव मानणारीच ही माणसे. पुढे तोच मुलगा शाहू छत्रपती म्हणून त्याच गावात राहिला, वाढला, दसऱ्याला दसरा चौकात शमीपूजनाला येत राहिला. २०२४ साली ते लोकसभेला उभे राहिले. विरोधी उमेदवाराने प्रचारात दत्तकाचा विषय काढला, हे काही खरे वारस नव्हेत असे बोलून गेले. लोक त्या बोलण्यावरच चिडले, आणि महाराज दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. ज्या गोष्टीसाठी गावाने एकदा दगड उचलले, तीच गोष्ट साठ वर्षांनी दुसऱ्याने काढली तर गावाला अपमान वाटला! रक्ताचा संबंध इथे राहिलाच कुठे? दरवर्षी दसऱ्याला आपट्याचे सोने लुटताना तोच एक माणूस समोर दिसत राहिला. मंगळसूत्र नवे असते तेव्हा टोचते, मग ते अंगाचे होऊन जाते, तसे काही झाले असावे.

अधिकार हातात नसतानाही, किंबहुना म्हणूनच, लोक मानतात अशीही उदाहरणे आहेत. आपल्या साताऱ्याकडचे औंध संस्थान लहानसे, ७२ गावांचे. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कारांचे वेडे. त्यांनी १९३९ साली, कोणी तलवार न उगारता, राज्याचा कारभार लोकांच्या पंचायतींना देऊन टाकला. घटना तयार करण्यात गांधीजींचा हात होता. सत्ता दिली म्हणून राजाचे काय कमी झाले? आजही औंधला यमाईच्या डोंगरावरचे त्यांचे वस्तुसंग्रहालय पाहायला माणसे जातात. भूतानच्या राजानेही असेच केले. स्वतःहून गादी मुलाला दिली, आणि २००८ साली तिथे निवडणुका झाल्या. प्रजा म्हणत होती नको, आणि राजा म्हणत होता घ्या. जपानचे सम्राट अकिहितो भूकंपात घरे गेलेल्या लोकांपुढे जमिनीवर गुडघे टेकून बसत. ज्यांच्या बापाला लोक देव मानत होते, त्यांनी हे करावे!

माझ्या सासूबाईंनी आमच्या लग्नाच्या अकराव्या वर्षी कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. त्याआधी दहा वर्षे आमची रोज कुरबुर. साखर किती, तेल किती, पाहुण्यांना कोणती साडी. किल्ल्या दिल्या आणि दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक गोष्ट त्यांना विचारू लागले. आता नाही म्हणायचे काम माझे आणि हो म्हणायचे त्यांचे. मुलांना पैसे हवे असले तर ती आजीकडे जातात. इंग्लंडचा राजा काय करतो असे मुलीने मला विचारले, २०२३ साली त्याचा राज्याभिषेक टीव्हीवर चालू होता तेव्हा, तर मी म्हटले, आपल्या आजीसारखे. कर वाढवला तर प्रधानमंत्र्याला शिव्या, आणि हॉस्पिटलची फीत कापली तर राजाला टाळ्या.

पण याच्या उलट बाजूनेही पाहिले पाहिजे. १९७१ साली सरकारने राजांचे तनखे बंद केले. कायद्याने ते तुमच्या-माझ्यासारखे झाले. तरी जव्हारकडची म्हातारी माणसे राजाची आठवण का काढतात? आजीच्याच मुलखात, वावर-वांगणीला, १९९२ साली शंभरावर बालके कुपोषणाने गेली. तेव्हा मी शाळेत होते. वर्तमानपत्रात ते फोटो आले, मंत्री आले, गाड्या आल्या. माझ्या मामाने त्या दिवशी जे म्हटले ते विसरत नाही: "राजा असता तर निदान कोणाच्या दारात जाऊन रडायचं ते ठावं असतं." संस्थानाच्या काळी पोरे मरत नव्हती असे मुळीच नव्हे. मरत होती आणि कोणी मोजतही नव्हते, फोटो तर दूरच. वेठ काय राजाने उठवली? १९४५ साली आपल्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, गोदावरीबाई आणि शामराव परुळेकर डहाणू-उंबरगावकडच्या पाड्यापाड्यांतून हिंडले, वारल्यांनी गोळ्या झेलल्या, तेव्हा ती उठली. हे आजीलाही ठाऊक होते. तरी राजाचे नाव निघाले की तिचा आवाज मऊ व्हायचा. साहेब तीन वर्षांनी बदलून जातो, टेबल बदलते, कागद हरवतो. राजवाडा मात्र तिथेच असतो. जव्हारचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे पुढे निवडणुकीला उभे राहून लोकसभेत गेले. ज्यांनी एके काळी हात जोडले त्यांनीच मते दिली. मत मागायला राजाला पाड्यावर यावे लागले, ही गोष्ट मात्र आजीने कधी मानाने सांगितली नाही. मोटारीतला न दिसलेला राजाच तिला जास्त आवडत होता.

लोक डोळे मिटूनच मानतात असेही नाही. नेपाळच्या ज्ञानेंद्रांनी २००५ साली सगळी सत्ता हाती घेतली आणि तीन वर्षांत, २००८ साली, अडीचशे वर्षांची गादी गेली. किल्ल्या परत मागणाऱ्या सासूचे जे होते तेच! (आता तिथे पुन्हा राजा हवा म्हणून मिरवणुका निघतात, २०२५ साली मोठ्या निघाल्या. सत्ता जाऊन कारभाऱ्यांचा कंटाळा येईपर्यंत सतरा वर्षे पुरली म्हणायची.) आपल्याकडे साताऱ्याचे उदाहरण ताजे आहे. छत्रपतींच्या गादीचे वारस उदयनराजे २०१९ साली मे महिन्यात लोकसभेला निवडून आले, मग पक्ष बदलून राजीनामा दिला, आणि ऑक्टोबरात पोटनिवडणूक झाली तर त्याच साताऱ्याने त्यांना पाडले. २०२४ साली पुन्हा निवडून दिले. या सहा महिन्यांत काही वंश बदलला नव्हता. साताऱ्याला राजाबद्दल प्रेम नव्हते असेही कोणी म्हणणार नाही. मुजरा करणारा हात वेगळा आणि शिक्का मारणारा वेगळा असू शकतो, हे तिथल्या बायाबापड्यांनी दाखवले. मला सातारकरांचा फार हेवा वाटला, कारण आमच्या सभेत मला तेवढेही जमले नव्हते.

म्हणून पुढच्या सभेत मीच उठून म्हटले, की नाव मी सुचवले होते, पण चिठ्ठ्या घ्या. काहीजणी माझ्यावर रागावल्या. काकूंचे उपकार विसरली म्हणाल्या, तेही ऐकून घेतले. सूनबाई स्वतः एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त चिठ्ठ्यांसाठी वहीची पाने फाडून दिली. मागच्या सतरंजीवरून प्रश्न विचारणारीचेही नाव दुसरीने पुढे केले. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होते की तिला ते नको होते, पण आता माघार कशी घेणार? एकतीस चिठ्ठ्या पडल्या. सूनबाईंना एकोणीस, तिला अकरा, आणि एक चिठ्ठी कोरी निघाली.

ती कोरी चिठ्ठी माझी. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितले नव्हते. पेन हातात घेतले तेव्हा मला काकूंचा टेम्पो दिसला आणि आजीची मोटारही दिसली, आणि हात पुढे जाईना. पुढच्या वर्षी मुदत संपते आहे, तेव्हा मला नीट लिहावे लागेल. सूनबाईंनी या वर्षात बचतगटाचे थकलेले हप्ते वसूल केले आणि दोन जणींचे कर्जही नाकारले. त्यांना नाही म्हणता येते, हे पाहून मला बरे वाटले. पण त्यामुळे त्यांची मते कमी होणार, हेही दिसते आहे. हा लेख छापायला देण्याआधी त्यांनीच वाचला, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारले, आणि चिठ्ठीची गोष्ट काढू नका म्हणाल्या.

पावसाळा संपला की मंडळाची सहल नाणेघाटाला न्यायचे ठरले आहे. वैशाखऱ्याहून चढायला दोन-अडीच तास लागतात, गुडघे दुखणाऱ्यांनी जुन्नरच्या बाजूने गाडीने वर यावे. लेण्यात उजेड कमी असतो, तेव्हा बॅटरी आणावी. नागनिकेच्या नावाखालची जागा रिकामी आहे, ती नीट पाहून या. नावे माझ्याकडे द्यावीत.